नव्या शिक्षकाचें पहिलें वर्ष



जून महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे शाळा उघडतात. मृगाच्या सरी येऊन गेलेल्या असतात, रस्त्यांत छत्र्या दिसूं लागतात आणि नव्या पुस्तकांच्या वासानें घरें भरून जातात. त्या दिवशीं आपलें सर्वांचें लक्ष मुलांकडे असतें, आणि तें योग्यच आहे. पण त्याच दिवशीं एखाद्या दूरच्या वाडीवरील शाळेच्या पायरीवर आणखी कोणी तितक्याच धडधडत्या अंतःकरणानें उभा असतो. हातांत नेमणुकीचा हुकूम, पेटींत पदविकेचें प्रमाणपत्र आणि मनांत एकच प्रश्न : "मला हें जमेल ना?" हा नवा शिक्षक. ज्या विद्यालयानें त्याला शिक्षक होण्याचें शिक्षण दिलें, त्यानें या पायरीवर उभें राहण्यास त्याला कितपत समर्थ केलें, या प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

हा प्रश्न पाहण्यास आपल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांइतकें सोयीचें क्षेत्र दुसरें क्वचितच सांपडेल. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे भाग झाले, आसपासचा संस्थानी मुलूख त्यांत मिसळला आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. कृष्णाकांठची काळी जमीन व उसाचे मळे ही या प्रदेशाची एक बाजू. पाटण-जावळीचे डोंगर ही दुसरी. माण, आटपाडी आणि जत येथील उघडे माळ ही तिसरी. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील वस्तीवर जावयाचें तर लाँचची वाट पाहावी लागते. जतच्या सीमेवर घरीं कानडी बोलणारें मूल मराठी शाळेच्या दारांत येऊन उभें राहतें. खानापूर-आटपाडीकडील कुटुंबें सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं दूरच्या प्रांतांत जातात, आणि त्यांचीं मुलें कधीं वर्गांत असतात, कधीं नसतात. दिवाळीच्या सुमारास ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरांत उतरतात, तेव्हां त्यांच्या खोपटांतील मुलांना कोणी शाळेंत आणावयाचें, हा प्रश्न पुन्हा शिक्षकाच्याच दारीं येतो.

आतां या शिक्षकास आपण काय शिकवून पाठवितों तें पाहूं. शिक्षणशास्त्राच्या विद्यालयांतील अत्यंत महत्त्वाचा विधि म्हणजे सराव पाठ. छात्राध्यापक आधीं पाठाचें टांचण लिहितो. उद्दिष्टें, प्रस्तावना, विवेचन, फलकलेखन, आवृत्ति, स्वाध्याय असे त्याचे ठरीव रकाने असतात. या पायऱ्यांचें मूळ हर्बार्ट नांवाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांत आहे. त्याच्या अनुयायांनीं त्या विचारांची पंचपदी बनविली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती देशोदेशींच्या ट्रेनिंग कॉलेजांत रुजली. टांचण मंजूर झालें कीं छात्राध्यापक रंगीत खडू, तक्ते व चित्रें घेऊन शहरांतील एखाद्या शाळेंत जातो. वर्ग एकाच इयत्तेचा असतो. असे पाठ मुलांच्या इतके अंगवळणीं पडलेले असतात कीं, प्रस्तावनेचा शेवटचा प्रश्न विचारतांच पाठाचें नांव काय असणार, हें तीं ओळखतात. मागच्या बांकावर निरीक्षक बसलेले असल्यामुळें कोणी दंगा करीत नाहीं. पस्तीस-चाळीस मिनिटांत घंटा होते, शेरा मिळतो आणि छात्राध्यापक सुटकेचा निःश्वास टाकतो.

या पाठाची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. बोलण्यापूर्वीं विचार करावा, फळ्यावर नीट लिहावें, प्रश्न सर्व वर्गास विचारून मग एकाला उत्तर देण्यास सांगावें, या संवयी अशाच पाठांतून लागतात. परंतु एक पाठ म्हणजे शाळेचा दिवस नव्हे, आणि दिवस म्हणजे वर्ष नव्हे. सराव पाठ देणाऱ्यास त्या मुलांचीं नांवें ठाऊक असण्याची गरज पडत नाहीं. काल शिकविलेलें आज किती जणांस आठवतें, हें पाहण्यासाठीं तो दुसऱ्या दिवशीं तेथें नसतो. गणितांत मागें पडलेल्या मुलाचें महिन्याभरानें काय झालें, याचें उत्तर त्याला कोणी विचारीत नाहीं.

समजा, हाच तरुण जूनमध्यें एका द्विशिक्षकी शाळेवर रुजू झाला. पहिली व दुसरी त्याच्या वांट्यास आल्या आणि दोन्ही इयत्ता एकाच खोलींत बसल्या. पहिलींतील मुलांना अक्षरओळख द्यावी तर दुसरींतील मुलें रिकामीं, आणि दुसरीचा हिशेब घ्यावा तर पहिलींतील कोणी रडूं लागलें. त्याचें टांचण एका इयत्तेसाठीं लिहिलेलें, आणि समोर इयत्ता दोन! हा प्रकार क्वचित् घडणारा आहे, असें कोणी समजूं नये. २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेंच साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक हें प्रमाण घालून दिलें आहे. मुलें साठांच्या आंत, इयत्ता चार किंवा पांच आणि शिक्षक दोन, असें गणित असतां प्रत्येकाकडे निदान दोन इयत्ता येणारच. म्हणजे कायद्यानें बहुवर्ग अध्यापन गृहीत धरलें आहे आणि सराव पाठानें एकच वर्ग गृहीत धरला आहे. हीं दोन गृहीतें ज्या ठिकाणीं एकमेकांवर आदळतात, तेथें तो नवा शिक्षक एकटा उभा असतो. आणि त्याची फजिती झाली तर तिचें मोल त्या वर्षीं पहिलींत बसलेलीं मुलें देतात. त्यांच्या आयुष्यांत पहिली पुन्हा येत नाहीं.

कृष्णाकांठच्या मंडळींना पोहणें कसें शिकवितात हें सांगावयास नको. संगम माहुलीच्या काय किंवा सांगलीच्या काय, घाटावर पोराच्या कमरेस वाळलेला भोपळा बांधीत आणि त्याला पाण्यांत सोडीत. शिकविणारा स्वतः पाण्यांत, हाताच्या अंतरावर असे. भोपळा लहान लहान होत जाई आणि एके दिवशीं तो सुटलेला पोराच्या लक्षांतहि येत नसे. आपण शिक्षकाच्या बाबतींत मात्र हात मारण्याचे धडे कांठावर देतों, त्यांची परीक्षा कांठावरच घेतों आणि मग त्याला एकदम डोहांत सोडून घरीं जातों.

हें असेंच चालावयाचें, असें कोणी म्हणेल तर त्याला साताऱ्याचाच दाखला देतां येईल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. खेड्यापाड्यांत शाळा नेण्याचा त्यांचा संकल्प होता. पण शाळा म्हणजे भिंती नव्हेत, शाळा म्हणजे शिक्षक, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून १९३५ सालीं साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालें. पुढें १९३७ सालीं बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यांत अधिकारावर आलें, आणि खाजगी संस्थांनीं खेड्यांत व्हॉलंटरी शाळा काढाव्या म्हणून सरकारी उत्तेजन मिळूं लागलें. भाऊरावांनीं ती संधि घेऊन अशा पांचशेंहून अधिक शाळा उभ्या केल्या. ट्रेनिंग कॉलेज आधीं आणि शाळांचा विस्तार मागून, हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

भाऊरावांपाशीं शिक्षणशास्त्राची पदवी नव्हती. तथापि जी गोष्ट पुष्कळ पदवीधरांच्या ध्यानांत येत नाहीं, ती त्यांना उमगली होती. आपला विद्यार्थी उद्यां कोठें जाणार आहे हें ज्या विद्यालयास ठाऊक असतें, तेंच त्याला तयार करूं शकतें. कॉलेजच्या नांवांतच 'रूरल' हा शब्द होता. श्रम आणि स्वावलंबन हा तर साऱ्या संस्थेचाच बाणा होता. त्या काळचे सारे शिक्षक उत्तम होते, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु जेथें काम करावयाचें तेथल्यासारख्या जीवनांतच त्यांची तयारी होत होती, हें निश्चित.

याच जिल्ह्यानें आणखी एक धडा घालून दिला आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ सालीं नायगांव येथें झाला. तें गांव आजच्या सातारा जिल्ह्यांतील खंडाळा तालुक्यांत आहे. पुण्यास मुलींना शिकविण्याचें काम अंगावर घेतलेल्या या बाईंनीं अध्यापनाचें रीतसर शिक्षणहि घेतलें होतें. रस्त्यानें जातांना अंगावर शेणमाती पडे, तरी त्यांनीं शाळा सोडली नाहीं. अंगावरील चिखल पुसून मुलींसमोर शांतपणें कसें उभें राहावें, याचा पाठ कोणत्याहि विद्यालयांत नव्हता. म्हणून कोणी म्हणतात कीं शिक्षक हा जन्मावा लागतो, तो घडवितां येत नाहीं. मला तसें वाटत नाहीं. धैर्य व माया हीं ज्याची त्यानेंच आणावीं लागतात, हें खरें. पण अक्षरओळख कशी द्यावी, चुकलेल्या मुलाची चूक नेमकी कोठें आहे, दोन इयत्ता एका खोलींत कशा सांभाळाव्या, हें शिकवितां येतें आणि शिकविलेंच पाहिजे. असामान्य व्यक्ति वाट काढतेच. शिक्षणशास्त्राचें विद्यालय असतें तें आपल्यासारख्या सामान्यांसाठीं.

या उणीवेची जाणीव अधिकाऱ्यांना नव्हती असें नाहीं. १९६४ ते १९६६ या काळांत डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं जो शिक्षण आयोग काम करीत होता, त्याचे सदस्य-सचिव आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील जे. पी. नाईक होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीमुळें खेड्यांतील शिक्षणाचा त्यांना जवळून अनुभव होता. शिक्षकांचें प्रशिक्षण शाळांपासून तुटलेलें आहे आणि हा दुरावा मोडला पाहिजे, असें त्या आयोगानें स्पष्ट सांगितलें. त्यानंतरच्या काळांत मात्र महाराष्ट्रांत डी. एड. विद्यालयांचें अमाप पीक आलें. त्यांच्या मान्यतेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला, आणि न्यायालयानें न्यायमूर्ति जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें २०१२ सालीं आपला अहवाल दिला. पुढें शिक्षकभरती मंदावली तेव्हां यांतील पुष्कळ विद्यालयांना कुलपें लागलीं. जीं पैशासाठीं निघालीं तीं पैशाबरोबर गेलीं. पण त्यांतून बाहेर पडलेल्या तरुणांचीं वर्षें कोण परत करणार?

वर्मा आयोगानंतर कांहीं पावलें पुढें पडलीं. २०१४ सालच्या नियमांनीं बी. एड. चा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला, आणि त्यांत निदान वीस आठवडे शाळेंत प्रत्यक्ष काम करणें आवश्यक ठरलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असें उद्दिष्ट ठेविलें. हें स्वागतार्ह आहे. पण दोहोंचीं चार वर्षें केल्यानें कांठ पाण्याजवळ सरकत नाहीं. ते वीस आठवडे कोणत्या शाळेंत जातात, तेथें छात्राध्यापक शिकवितो कीं नुसता हजेरीपत्रकावर सही करितो, यावर सारें अवलंबून आहे.

माझ्या मतें तीन गोष्टी व्हावयास पाहिजेत. पहिली, सरावाच्या दिवसांपैकीं कांहीं आठवडे तरी छात्राध्यापकानें द्विशिक्षकी शाळेंत, त्या गांवींच राहून काढावे. साताऱ्याच्या विद्यार्थ्यास पाटण आहे, सांगलीच्या विद्यार्थ्यास जत आहे. तेथें तीं मुलें कोणत्या भाषेंत स्वप्नें पाहतात, हें त्याला समजेल. दुसरी, जे शिक्षक घडवितात त्यांनीं स्वतः दर कांहीं वर्षांनीं प्राथमिक वर्गावर सलग एखादें सत्र शिकवावें. पोहण्याची संवय सुटलेल्या माणसानें दुसऱ्यास पाण्यांत उतरवूं नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, नेमणुकीनंतरचें पहिलें वर्ष हें प्रशिक्षणाचाच भाग मानावें. शेजारच्या शाळेंतील अनुभवी शिक्षकाकडे त्याला सोंपवावें. आठवड्यांतून एक दिवस त्यानें त्यांच्या वर्गांत बसावें आणि एक दिवस त्यांनीं याच्या वर्गांत. केंद्रप्रमुख हे पद आपल्याकडे आहेच. मात्र त्यांच्या भेटींतील वेळ माहितीचे तक्ते भरून घेण्यांत जाऊं नये. नव्या शिक्षकाची अडचण ऐकण्यांत तो गेला, तर त्या पदाचें सार्थक होईल.

आणि आपण, शहरांतील सुखवस्तु कुटुंबांतील माणसें? आपणही या व्यवहारांत भागीदार आहों. मुलाच्या वर्गावर नवखे गुरुजी आले किंवा तरुण बाई आल्या कीं आपण कपाळास आंठ्या घालतों आणि अनुभवी शिक्षकांची तुकडी मिळावी म्हणून खटपट करितों. आपल्याच मुलीनें शिक्षिका होऊं म्हटलें तर दुसरें कांहीं जमलें नाहीं तर पाहूं, असें उत्तर देतों. वैद्यकी शिकलेला तरुण वडील डॉक्टरांच्या देखरेखीखालीं रुग्णालयांत राहिल्याशिवाय आपण त्याच्या हातीं आपली नाडी देत नाहीं. मग शिक्षकालाही शिकण्यास अवधि लागतो, हें मान्य करण्यांत कमीपणा कसला? पुढच्या जूनमध्यें एखादा नवा शिक्षक आपल्या पाहण्यांत आला, तर त्याची परीक्षा घेऊं नये. "गुरुजी, कसें चाललें आहे? कांहीं मदत लागली तर सांगा," एवढें विचारावें. त्याच्या कमरेस तेवढाच एक भोपळा बांधल्यासारखें होईल.