संगणकाच्या पडद्याची निगा

कांच पुसण्याची विद्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कंदिलाची कांच काजळली कीं ती चाळलेल्या राखेनें घासावी, आरसा ओल्या वर्तमानपत्रानें पुसावा, तसबिरीच्या कांचेवर तोंडाची वाफ सोडून ती जुन्या धोतराच्या तुकड्यानें लख्ख करावी, हें शिकविण्यास कधीं शाळा लागली नाहीं. या विद्येचा मंत्र एकच : डाग निघाला नाहीं, तर अधिक जोरानें घासावें. दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं घरांतील एखादें कर्तें माणूस हाच मंत्र घेऊन संगणकाच्या पडद्याकडे, म्हणजेच मॉनिटरकडे, वळतें. आणि तेथें ही जुनी विद्या त्याच्यावरच उलटते.

काय होतें तें पाहण्यासारखें आहे. एका हातांत कांच पुसण्याच्या रंगीत पाण्याची फवाऱ्याची बाटली, दुसऱ्या हातांत कागदाचा बोळा. पांच मिनिटांच्या खटपटीनंतर पडद्यावर आडवेउभे पट्टे उमटतात. ते घालविण्यासाठीं पुन्हा फवारा, पुन्हा घासणें. अखेरीस एके ठिकाणीं असा पांढुरका डाग दिसूं लागतो कीं, तो कोणत्याही उपायानें हलत नाहीं. तो हलणार तरी कसा? तो डाग पडद्यावर बसलेला नसतो. पडद्याचा वरचा नाजूक लेपच तेवढ्या जागेपुरता निघून गेलेला असतो. या इजेवर घरगुती औषध नाहीं. पडद्याचा आंतील सबंध भाग बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च पुष्कळदां नव्या मॉनिटरच्या किंमतीच्या जवळपास जातो. यास्तव ही लहानशी गोष्ट नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

या अनर्थाचें मूळ कारण असें कीं, हल्लींचा बहुतेक मॉनिटर वरून कांचेचा नसतो. या शतकाच्या आरंभापर्यंत टेबलावर जो पाठीमागें लांबट असा जड मॉनिटर असे, त्याचें तोंड जाड कांचेचें होतें. नवा सपाट पडदा निराळ्या जातीचा आहे. त्याच्या पोटांत द्रवस्फटिक नांवाचा पदार्थ असतो. इ. स. १८८८ मध्यें प्राग येथें फ्रीड्रिख राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ १४५.५ अंश उष्णतेवर वितळून गढूळ होतो व १७८.५ अंशांवर एकाएकीं स्वच्छ होतो, असें आढळलें. ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. अशा द्रवाचा अवघा कांहीं सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर कांचेच्या दोन पातळ तावदानांमध्यें कोंडलेला असतो. पण प्रकाश हवा तेथें अडविण्यासाठीं तावदानांच्या बाहेरील अंगांवर प्रकाश गाळणारी प्लॅस्टिकची पातळ पटलें चिकटवावीं लागतात. असें पटल बनविण्याची युक्ति अमेरिकेंतील एडविन लँड या संशोधकानें काढली, आणि १९३८ सालीं त्यानें ताणलेल्या प्लॅस्टिकांत आयोडीन मुरवून तिला आजचें रूप दिलें. या पटलावर, खोलींतील दिव्याचें प्रतिबिंब डोळ्यांवर येऊं नये म्हणून, एक किंचित् खरबरीत असा लेप दिलेला असतो. सारांश, पुसणाऱ्याचें बोट लागतें तें कांचेला नव्हे, तर प्लॅस्टिकला आणि त्यावरील लेपाला. हातांतील फोन व बोटाच्या स्पर्शानें चालणारे पडदे बहुधा कांचेचे असतात हें खरें. परंतु त्यांवरही बोटांचें तेल चिकटूं नये म्हणून एक लेप असतो, आणि तोही घासून झिजतो.

एवढें समजलें म्हणजे वर्ज्य कोणतें हें सहज ध्यानांत येईल. अमोनिया असलेलें कांच पुसण्याचें पाणी, जोरदार स्पिरिट, नखांचा रंग काढण्याचें द्रव्य, भांड्यांची वा फरशीची पूड, यांपैकीं कशालाही पडद्याजवळ येऊं देऊं नये. २०२० सालीं साथीच्या दिवसांत घरोघर हात धुण्याचें सॅनिटायझर आलें आणि कित्येकांनीं तें पडद्यालाही चोळलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्राप्रमाणें त्यांत शेंकडा ८० भाग अल्कोहोल व हातांची कातडी कोरडी पडूं नये म्हणून शेंकडा १.४५ भाग ग्लिसरीन असतें. अल्कोहोल लेपाला बाधतें, आणि ग्लिसरीन उडून न जातां चिकट पट्ट्यांच्या रूपानें मागें राहतें. हाताला जें हितकर तें पडद्याला दुहेरी अपायकारक ठरतें, तें असें. कांहीं उत्पादक सौम्य अल्कोहोलाची परवानगी देतात. पण तसें पुस्तिकेंत स्पष्ट लिहिलेलें असेल तरच तें वापरावें. कागदाचे रुमाल व वर्तमानपत्रही वर्ज्य. कागद हा लांकडाच्या तंतूंचा असतो; आरशाला तो सोसतो, प्लॅस्टिकला त्याचे ओरखडे पडतात.

आतां पट्टे कां उमटतात तें पाहूं जातां त्याचीं तीन कारणें आढळतात. पहिलें कारण नळाचें पाणी. ज्यांच्या घरीं एके काळीं न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे, त्यांना त्याच्या आंत बसणारा पांढरा थर आठवत असेल. तो पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचा. विंधनविहिरीच्या पाण्यांत असे क्षार पुष्कळदां अधिक असतात. पाण्याचा थेंब पडद्यावर वाळला कीं पाणी उडून जातें आणि क्षार तेथेंच ठाण मांडून बसतात. दुसरें कारण साबण : तो धुऊन काढण्याइतकें पाणी पडद्यावर ओततां येत नाहीं, म्हणून त्याचा पापुद्रा मागें राहतो. तिसरें कारण बोटांचें तेल : कोरड्या वा मळक्या कापडानें तें निघत नाहीं, फक्त पसरतें. या तिन्हींचा निष्कर्ष एकच. पट्टे राहतात ते कमी घासल्यामुळें नव्हेत, तर ओलावा अधिक झाल्यामुळें आणि तो आपोआप वाळूं दिल्यामुळें. म्हणून पडदा ओला करण्यापेक्षां तो वेळेवर कोरडा करण्याकडे अधिक लक्ष पुरविलें पाहिजे.

साहित्य अगदीं थोडें लागतें. एक मऊ केसांचा, स्वच्छ व कोरडा ब्रश; चित्रकलेचा रुंद ब्रश चालेल, मात्र तो दुसऱ्या कशाला वापरलेला नसावा. सूक्ष्मतंतूंचीं, म्हणजे बाजारांत मायक्रोफायबर म्हणून मिळणारीं, दोन कापडें. या कापडाचा एकेक तंतु रेशमाच्या तंतूहूनही बारीक असतो. असे अतिसूक्ष्म तंतु वापरून १९७० सालीं जपानांत तोरे या कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनीं कृत्रिम मऊ चामडें तयार केलें होतें. त्याच कुळांतील हें कापड. पुसण्याच्या कापडांत हे तंतु चिरलेले असतात, आणि त्यांच्या कडा व फटी तेल उचलून धरतात. हें कापड धुतांना कपडे मऊ करणारें द्रव्य घालूं नये. तें तंतूंवर बसतें आणि तेथून पडद्यावर येतें. पाणी मात्र ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, घ्यावें. मोटारीच्या बॅटरींत घालण्यासाठीं विकतात तें क्षाररहित पाणी चालतें. परंतु त्याच दुकानांत बॅटरीचें आम्लही मिळतें, तेव्हां बाटलीवरील चिठ्ठी वाचल्यावांचून झांकण उघडूं नये.

आतां कृति. प्रथम यंत्र बंद करून त्याची वीज तोडावी आणि पडदा थंड होऊं द्यावा. गरम पडद्यावर ओलावा पुसण्यापूर्वींच उडून जातो व पट्टे पडतात. शिवाय पडदा काळा झाल्यावर मळ स्पष्ट दिसतो. मग ब्रशानें वरून खालीं हलक्या हातानें धूळ झाडावी. ही पायरी कोणी गाळूं नये. रस्त्यावरील धुळींत वाळूचे कण असतात, आणि वाळूंतील गारेचा कण कांचेहूनही कठीण असतो. तो कापडाखालीं सांपडला तर कापडाची कानस होते. तोंडानें फुंकरही घालूं नये, कारण थुंकीचे तुषार उडून नवे डाग पडतात.

त्यानंतर एका कापडाचा कोपरा पाण्यानें केवळ दमट करावा. पाणी कापडावर घ्यावें, पडद्यावर कदापि उडवूं नये. पडद्यावरील थेंब ओघळून खालच्या कडेच्या फटींत शिरतो, आणि पुष्कळ पडद्यांत प्रकाशाच्या दिव्यांची ओळ वा तारांच्या नाजूक पट्ट्या नेमक्या तेथेंच असतात. कापड पिळल्यावर एकही थेंब पडूं नये, इतपतच ओल पुरे. एका हातानें पडद्याला पाठीमागून आधार द्यावा आणि दुसऱ्या हातानें वरच्या कडेपासून आडव्या सरळ ओळींनीं पुसत खालीं यावें. गोल गोल फिरवूं नये, त्यानें तेल फिरत राहतें. दाबूं तर मुळींच नये. आंतील द्रवाचा थर दाबानें हलतो. दमट कापडाच्या मागोमाग दुसरें कोरडें कापड त्याच ओळींतून फिरवावें. एका वेळीं वीतभर रुंदीचा पट्टा ओला करावा, तो कोरडा करावा, आणि मगच पुढें सरकावें. शेवटीं खिडकीच्या उजेडांत बाजूनें तिरकें पाहावें. समोरून न दिसणारा पट्टा तिरक्या नजरेला दिसतो. राहिला असेल तर तेवढ्यापुरतें पुन्हा दमट व पुन्हा कोरडें करावें. हट्टी डागावर दमट कापड कांहीं क्षण नुसतें टेकवून ठेवावें. पाण्याला वेळ दिला तर घासण्याचें काम तेंच करतें. सर्व झाल्यावर दहा-पंधरा मिनिटें थांबून मग वीज जोडावी.

आपल्याकडील एका गोष्टीचा निराळा उल्लेख अवश्य आहे. दसऱ्याला शस्त्रपूजेबरोबर हल्लीं संगणकाचीही पूजा होते. ती अवश्य व्हावी; पण हळदकुंकवाचें बोट पडद्याला न लावतां त्याच्या पायाला लावावें. हळदीचा रंग पाण्यानें सहज निघत नाहीं, आणि तो काढण्याच्या नादांत स्पिरिटाचा मोह होतो. कुंकू उडालेंच, तर आधीं कोरड्या ब्रशानें झाडावें. तें ओलें केल्यास पसरतें.

ही सर्व खटपट नित्याची नव्हे. आठवड्यांतून एकदां ब्रश आणि डाग दिसतील तेव्हां दमट कापड, एवढें बहुतेक घरांना पुरतें. परंतु ती टाळूंही नये. मळक्या पडद्यावरचीं अक्षरें फिकट दिसतात, मग पाहणारा उजेड वाढवीत जातो आणि त्याचे डोळे शिणतात. आज त्या पडद्यावर घरांतील मुलाची परीक्षा असते, सुनेची नोकरी असते, आणि सातासमुद्रापलीकडे राहणाऱ्या नातवंडाचें तोंड आजी-आजोबांना तेथेंच दिसतें. इतकी कामाची वस्तु एका दिवाळीच्या उत्साहांत अधू होऊं नये. हात हलका, कापड स्वच्छ, ओल अल्प आणि कोरडें करणें तत्काळ, एवढें पथ्य ज्या घरीं पाळलें जाईल, तेथील पडदा आपलें आयुष्य डागावांचून पुरें करील.