शेवटचे सव्वाशे किलोमीटर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे साहित्य, संगीत, निदानपक्षी महाराष्ट्राचा इतिहास असा एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी रीत आहे. मी मात्र आज भाड्याच्या मोटारगाडीविषयी बोलणार आहे. विमानतळावर उतरलेल्या पाहुण्यांना दूरच्या पर्यटनस्थळी नेणारी खासगी गाडी कशी ठरवावी, हा माझा विषय. तो ऐकून काही चेहऱ्यांवर स्मित उमटलेले दिसते. परंतु कोलकात्यातल्या मराठी घराला हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

दिवाळीची अथवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुण्याहून, नागपूरहून, सांगलीहून फोन सुरू होतात. "आम्ही गंगटोकला निघालो आहोत. विमान बागडोगऱ्याला उतरते. तुम्ही तिकडचेच, तेवढी गाडी ठरवून ठेवा." पुण्याच्या मावशींच्या नकाशात कोलकाता आणि गंगटोक ही शेजारची गावे असतात. वस्तुतः येथून सिलिगुडीच साडेपाचशे किलोमीटरांहून दूर आहे; म्हणजे जवळजवळ मुंबई ते गोवा. पण मावशींना हे सांगून उपयोग नसतो, आणि सांगूही नये. परप्रांतात राहणाऱ्याच्या वाट्याला आलेला हा मान आहे. 'तिकडे आपले कोणी आहे' या भरवशावर माणसे घराबाहेर पडतात.

आपल्या लोकांना प्रवासातली ही सोबत शोधण्याची सवय जुनी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे गेले, बंडाच्या वणव्यात सापडले, लुटले गेले, आणि तरी घरी परतले. त्यांचा वृत्तान्त पुढे १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध झाला. त्या काळी सोबत म्हणजे वाटेवरचे चार सहप्रवासी आणि मुक्कामी भेटणारा दक्षिणी माणूस. आज विमान दोन-तीन तासांत हजार-दीड हजार किलोमीटर मागे टाकते. परंतु विमानतळाच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे शेवटचे सव्वाशे किलोमीटर अजूनही जमिनीवरूनच, वळणावळणाने आणि परक्या माणसाच्या हाती जीव सोपवूनच जावे लागतात. सारी काळजी तेथे आहे.

बागडोगऱ्याचेच उदाहरण घेऊ, कारण आपणा सर्वांचा संबंध तेथे येतो. हा विमानतळ दार्जिलिंग जिल्ह्याच्या सपाट भागात, सिलिगुडीजवळ, भारतीय वायुदलाच्या तळावर आहे. तेथून गंगटोक सुमारे १२५ किलोमीटर. घाटाची सवय नसलेला माणूस हिशेब करतो, की सव्वाशे किलोमीटर म्हणजे अडीच तास. प्रत्यक्षात रस्ता मोकळा असला तरी साडेचार-पाच तास लागतात. सेवोकपाशी डोंगर सुरू होतो आणि तिस्ता नदी सोबतीला येते. कालीझोरा, तिस्ता बाजार, मेल्ली करीत रांगपोला सिक्कीमची हद्द लागते. पुढे सिंगताम, राणीपूल, आणि मग सुमारे साडेपाच हजार फुटांवरचे गंगटोक. हा राष्ट्रीय महामार्ग १० एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस नदी यांच्यामधून काढलेला आहे. पावसाळ्यात दरड कोसळली की तो बंद होतो. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्तर सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले, चुंगथांगचे धरण वाहून गेले, आणि तिस्तेच्या महापुराने या रस्त्याचेही लचके तोडले. त्यानंतरच्या पावसाळ्यांत हा मार्ग वारंवार बंद ठेवावा लागला. अशा वेळी गाड्या गोरुबथान-लावा या डोंगरवाटेने वळवतात. तो फेरा काही तासांनी मोठा, आणि भाडेही अर्थातच मोठे.

"मग सिक्कीममध्येच विमानतळ झाला ना?" असे कोणी विचारील. झाला. पाकयोंगच्या विमानतळाचे उद्घाटन २४ सप्टेंबर २०१८ रोजी झाले. पण सुमारे साडेचार हजार फुटांवरच्या त्या धावपट्टीवर ढग उतरले की विमान उतरू शकत नाही, आणि तेथील सेवा पुनःपुन्हा खंडित झालेली आहे. म्हणून बागडोगऱ्याचा रस्ता माहीत असणे सुटत नाही.

आता पहिली गोष्ट, वेळेची. आपल्या पाहुण्यांचे घड्याळ आणि येथील सूर्य यांचे जमत नाही. पुणे सुमारे ७४ अंश रेखांशावर, गंगटोक साडेअठ्ठ्याऐंशीच्या जवळ. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य येथे जवळजवळ तासभर आधी कलतो. देशाचे घड्याळ मात्र एकच. हिवाळ्यात उत्तरेकडचा दिवस आणखी लहान. डिसेंबरात पुण्याला सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर गंगटोकला पावणेपाचच्या सुमारास. दोन वाजता बागडोगऱ्याला उतरून "संध्याकाळपर्यंत पोहोचू" म्हणणारा पुणेकर खरोखर घाटाचा बराचसा भाग काळोखात चढणार असतो. यासाठी हिवाळ्यात विमान सकाळी अकराच्या आत उतरणारे घ्यावे. ते न मिळाल्यास सिलिगुडीत रात्र काढावी आणि पहाटे निघावे. एका रात्रीच्या खोलीचे भाडे फार वाटते खरे. पण सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन धुक्यातून, दरडींच्या मातीवरून रात्रीचा घाट चढण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट, वाहनाची. भाड्याने चालणाऱ्या गाडीची क्रमांकपट्टी पिवळी व अक्षरे काळी असतात. खासगी गाडीची पांढरी. विमानतळाबाहेर "साहेब, स्वस्तात नेतो" म्हणत पांढऱ्या पट्टीची गाडी पुढे येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय भाड्याची वाहतूक करता येत नाही. काही विपरीत घडले तर विमा कंपनी नेमक्या याच मुद्द्यावर हात वर करू पाहते. वाचलेले चार-पाचशे रुपये तेव्हा कोणाच्या उपयोगी पडणार? ज्यांनी आधी काहीच ठरवलेले नाही, त्यांनी निदान विमानतळावरील आगाऊ भाडे घेणाऱ्या टॅक्सीच्या खिडकीवर जावे आणि पावती घ्यावी. सडाफटिंग तरुण असतील तर सिलिगुडीहून सिक्कीमच्या सरकारी बसगाड्या आणि वाटून घ्यावयाच्या जीपगाड्याही आहेत. खासगी गाडीची खरी गरज वृद्धांना, लेकुरवाळ्यांना आणि आजाऱ्यांना.

तिसरी गोष्ट, बोलीची. व्यवहारात भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत. गाडी ठरवताना सात प्रश्न न संकोचता विचारावेत. गाडी कोणती आणि तीत माणसे किती, सामान किती? भाडे गाडीचे की माणशी? पथकर, वाहनतळ, चालकाचे जेवण त्यात धरले आहे काय? विमानास उशीर झाला तर किती वेळ थांबणार, आणि त्याचे वेगळे पैसे किती? महामार्ग बंद असून लांबच्या वाटेने जावे लागले तर वाढीव भाडे किती? मधेच गाडी बदलावी लागणार नाही ना? आणि सोडणार कोठे: हॉटेलच्या दारात, की गावाबाहेरच्या तळावर? या शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बंगालच्या गाड्यांना गंगटोक शहरात सर्वत्र फिरू देत नाहीत, आणि महात्मा गांधी मार्ग तर केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. शेवटच्या टप्प्यासाठी स्थानिक छोटी टॅक्सी करावी लागते. हे आधी ठाऊक असले की भांडण होत नाही. ऐनवेळी कळले की चालकाने फसवले असे वाटते.

ही उत्तरे मोबाइलवर लिहून घ्यावीत. तोंडी बोली घाटात विरून जाते. आदल्या रात्री गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि त्याचा फोन मागून घ्यावा, आणि तो पाहुण्यांना तसेच घरी राहिलेल्या एखाद्या जबाबदार माणसाला कळवावा. सगळे पैसे आधी देऊ नयेत. थोडे आगाऊ, उरलेले पोहोचल्यावर.

एका परिचित कुटुंबाची हकीकत सांगतो. मुलगा परदेशी, आईवडील दोघेच गंगटोकला निघालेले. मुलाने तिकडून पूर्ण पैसे भरून गाडी ठरवली. विमान तीन तास उशिरा आले. ठरलेला चालक निघून गेला होता, आणि ज्याने पैसे घेतले त्याचा फोन लागेना. बाहेर अंधारू लागले. वडिलांना मधुमेह, आईला हिंदी बेताचीच. मुलगा सातासमुद्रापार जागा राहून इकडेतिकडे फोन करीत होता. शेवटी एका ओळखीतून दुसरी, दुसरीतून तिसरी असे करीत येथील एका सभासदाचा सिलिगुडीतला सहकारी धावून गेला आणि त्याने त्या दोघांना रात्री आपल्या घरी ठेवून घेतले. त्या मुलाकडे पैसा होता, यंत्रे होती, पत्ता होता. नव्हता तो तेथे उभा असलेला एक माणूस.

परदेशस्थ मुलांवरून आठवले. भारतीय नागरिकाला गंगटोकपर्यंत केवळ ओळखपत्र पुरते. परंतु ज्याचे पारपत्र परदेशी आहे, त्याला सिक्कीममध्ये शिरण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि रांगपोच्या नाक्यावर तो पाहतात. आपला पुतण्या सुरेख मराठी बोलतो, सत्यनारायणाला सोवळे नेसतो, हे त्या नाक्यावरच्या शिपायाला कसे कळावे? त्याची कागदपत्रे गाडीच्या आधी तयार हवीत. नाथूलाचे दार तर परदेशी नागरिकाला उघडतच नाही.

घाटाचा त्रास उंचीपेक्षा वळणांचा असतो. निघताना पोटभर तळलेले खाऊ नये. आल्याची वडी, आवळासुपारी, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी हातपिशवीत असावी. वरच्या कॅरिअरवर बांधलेल्या बॅगेत नव्हे.

आता ज्याच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो, त्याच्याविषयी. तो म्हणजे चालक. गंगटोकहून पहाटे निघून बागडोगऱ्याला यायचे, उन्हात विमानाची वाट पाहायची आणि पुन्हा तितकाच घाट चढायचा, म्हणजे नऊ-दहा तास चाकामागे. कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आहे. पण एकट्यादुकट्या गाडीवाल्याच्या बाबतीत ती पाहणार कोण? आपणच. "आज सकाळपासून किती फेऱ्या झाल्या?" हा प्रश्न भाड्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आपण, ज्याच्या डुलकीवर आपले सारे कुटुंब अवलंबून आहे, त्याला वाटेत चहा पाजताना का विसरतो? आपल्याकडे 'दाजी' म्हणजे बहिणीचा नवरा. नेपाळीत 'दाजू' म्हणजे थोरला भाऊ. या एका हाकेने घाटातली अर्धी अढी सुटते. तो "पुढे दरड आहे, थांबू या" म्हणाला तर त्याचे ऐकावे. त्या रस्त्याचा पंडित तो आहे. आपले परतीचे विमान, आपले हॉटेल, आपली घाई यांच्या दडपणाखाली त्याला पुढे रेटू नये. परतीच्या दिवशीही हाच विचार हवा: विमान दुपारी असले तर भल्या पहाटे निघावे, आणि पावसाळ्यात आदल्या रात्रीच सिलिगुडीला उतरून राहावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सव केले, नाटके बसवली, वाचनालय चालवले. त्या वाचनालयाच्या कपाटात आता एक वही ठेवू या. ज्या सभासदाला चांगला, सचोटीचा गाडीवाला भेटला, त्याने त्याच्या संमतीने त्याचा क्रमांक, ठरलेले भाडे आणि प्रवासाची तारीख त्या वहीत लिहावी. सिलिगुडीत, गुवाहाटीत, भुवनेश्वरात जी मराठी कुटुंबे अडीअडचणीला उभी राहण्यास तयार असतील, त्यांचीही नावे त्यांना विचारून नोंदवावीत. दर वर्षी एका सभासदाने ती वही तपासून जुने काढावे, नवे घालावे. खर्च एका वहीचा. हे काम शोभेचे नाही, त्याचे छायाचित्र कोठे छापून येणार नाही. पण एखाद्या संध्याकाळी, अनोळखी विमानतळाच्या दारात, सामान कवटाळून उभ्या असलेल्या वृद्ध जोडप्याला आपल्या भाषेत "काका, काळजी करू नका, गाडी येते आहे" असे कोणी फोनवर म्हणेल, त्या दिवशी हे मंडळ आपल्या पूर्वसूरींनी ज्यासाठी स्थापन केले, ते काम पार पाडील.