काटकोन



एका सरळ रेषेवर दुसरी रेषा अशी उभी राहिली,
की तिच्या दोन्ही बाजूंचे कोन सारखे होतात,
तर त्या प्रत्येक कोनाला काटकोन म्हणतात.
त्याचे माप 90 अंश. त्याहून लहान तो लघुकोन.

पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर,
दुसरीवर 4 फुटांवर खूण करतो,
आणि खुणांमधले तिरपे अंतर नेमके 5 फूट भरले,
तरच कोपरा काटकोनात आहे असे मानतो.

यज्ञवेदी आखण्यासाठी बौधायनाच्या शुल्बसूत्रात हेच नाते सांगितले आहे,
आणि ते शाळेत आवर्जून शिकवण्याजोगे आहे.

दोन्ही बाजूंचे कोन सारखे, म्हणजेच काटकोन, श्रोतेहो!
वहीत तो गुण्याने काढतात;
सपाट जमिनीवरची भिंत काटकोनात उभी आहे की नाही, हे ओळंबा दाखवतो.