पिल्लांचा वाटा

आठवडे बाजारात बोटभर मासळीचा वाटा स्वस्त मिळतो, म्हणून आम्ही गटातल्या बायका तोच घेतो. ही पिल्लं येतात कशी? समुद्रात कोळंबीसाठी ट्रॉलर जाळं ओढतो, तेव्हा जाळ्याचा आस, म्हणजे भोक, शंकरपाळ्यासारखं असेल तर ताणून मिटतं. कोळंबीबरोबर पिल्लंही अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लू निसटतं. म्हणूनच महाराष्ट्रात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस ठरवला आहे. (जवळा मुळातच बारीक, त्याचं जाळं वेगळं.)

आपल्या मुळा धरणातही रोहू-कटल्याची बोटुकली बारीक जाळ्यात गेली, तर किलोभराचा मासा होणार कुठून?

गिऱ्हाईक आपणच ना! येत्या बाजारापासून तो वाटा घ्यायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. दोघी अजून कुरकुरतात. मोठा मासा परवडत नाही, हे त्यांचं खरंच आहे.