परकी गोडी

गोड पदार्थांच्या बाबतींत माणसाची जीभ जितकी लोभी, तितकीच हट्टीही असते. तिखट किंवा आंबट परकें असलें तरी ती चालवून घेते. गोड मात्र लहानपणीं घरांत खाल्लेलें तेंच तिला खरें वाटतें. म्हणूनच एखाद्या घरीं जपानहून मिठाईचा डबा आला, म्हणजे तो उघडतांना मोठी गंमत होते. रंग आणि आकार पाहून सर्वांचे हात पुढें होतात. पहिला तुकडा तोंडांत जातो, आणि एखादा चेहरा एकदम वाकडा होतो. गोडांत मीठ कां? मिठाईला पान कशाला? ही कडवट हिरवी पूड कसली? या प्रश्नांचा माग काढूं गेलें, म्हणजे त्या डब्यांत साखरेइतकाच इतिहासही भरलेला आहे असें दिसून येतें.

डब्यांतील सर्वांत साधा पदार्थ म्हणजे कोन्पेइतो. साखरेचे लहानसे रंगीत खडे, आणि त्यांवर चोहोंकडून फुटलेले बोथट काटे. महाराष्ट्रांतील कोणतीही गृहिणी तो हातांत घेऊन म्हणेल, "अगबाई, हा तर संक्रांतीचा हलवा!"

तिचें हें बोलणें निव्वळ कौतुकाचें नव्हे. हा खाऊ जपानांत पोर्तुगीजांनीं नेला. त्यांच्या 'कोन्फेइतो' या शब्दावरूनच त्याचें नांव पडलें. लुईश फ्रोइश हा जेझुइट पाद्री १५४८ सालीं गोव्यास आला. तेथेंच १५६१ मध्यें त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढें तो जपानांत गेला. १५६९ सालीं क्योतो येथें ओदा नोबुनागा या बलाढ्य सेनानीस त्यानें नजराणा दिला, त्यांत काचेच्या बरणींत भरलेला हा खाऊ होता. साखर त्या काळीं जपानांत औषधासारखी दुर्मिळ होती.

हे काटे कसे आणावे, हें मात्र जपानी कारागिरांस सहजासहजीं उमगलें नाहीं. इहारा साइकाकू या लेखकाच्या १६८८ मधील व्यापाऱ्यांच्या कथांत नागासाकीच्या एका गृहस्थाची हकीकत येते. पुष्कळ खटपटीअंतीं त्याला मर्म सांपडलें, तें एवढेंच, कीं खड्याच्या पोटांत बीज म्हणून तीळ असावा! निखाऱ्यावर कढई ठेवून तिळांवर थेंब थेंब पाक सोडीत हातानें हलवा फिरविणाऱ्या बाईला हें रहस्य कोणी सांगावें लागलें नसतें. आज जपानांत तिळाच्या जागीं जाड साखरेचा कण घेतात. तापलेल्या, तिरक्या, फिरत्या मोठ्या कढईंत त्यावर पाकाचे हात चढवीत जातात, आणि तयार होण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) यांच्यासारख्या पदार्थविज्ञानवेत्त्यालाही या काट्यांच्या कोड्यानें भुरळ घातली होती.

हाच खडा जपानी राजघराण्यांतील मंगल प्रसंगीं चांदीच्या चिमुकल्या डब्यांतून पाहुण्यांना मिळतो. आणि भूकंपासारख्या संकटासाठीं सांठविलेल्या कडक बिस्किटांच्या डब्यांतही तोच असतो. कोरडें बिस्किट घशाखालीं उतरावें, म्हणून त्या साखरेनें तोंडाला पाणी सुटतें. राजवाडा आणि आपत्ति या दोन्ही ठिकाणीं ज्याला स्थान आहे, त्याला पोरांचा खाऊ तरी कसें म्हणावें?

डब्यांतील दुसऱ्या पदार्थाच्या पोटांत तांबड्या अझुकी कडधान्याचें गोड सारण असतें. कडधान्य आणि गोड, या कल्पनेनेंच पुष्कळ युरोपीय पाहुणे बिचकतात. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला मात्र त्यांत बिचकण्यासारखें कांहींच नाहीं. साकुरामोचीला चेरीचें खारवलेलें पान गुंडाळलेलें असतें. तें मिठांत मुरलें म्हणजेच त्याचा खरा सुगंध सुटतो, आणि मिठाच्या कडेनें आंतील गोडी उठून दिसते. हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या ज्या कोंकणांत आणि गोव्यांत घरोघरीं होतात, तेथें पानाचा वास गोडाला लागावा यांत नवल तें काय? परकेपणा पदार्थांत थोडा असतो, जिभेच्या आठवणींत अधिक असतो.

कांहीं चवींना मात्र इकडे नातलग सांपडत नाहीं. माच्चा ही हिरव्या चहाची पूड कडवट लागते, आणि ती तशीच लागावी अशी तिची योजना आहे. चहाच्या समारंभांत आधीं मिठाई खातात, मग चहा घेतात. गोडाची चव तोंडांत असतांना येणारा कडूपणा सुखद होतो. हा क्रम ठाऊक नसला, तर दोष पुडीला दिला जातो.

आतां, सर्वच नवलाई अशी मुरलेली असते असें नाहीं. किटकॅट ही विलायती चॉकलेटची वडी जपानांत १९७३ पासून विकली जाते, आणि तिच्या तीनशेंहून अधिक चवी तेथें निघाल्या: रताळ्याची, सोयाच्या रसाची, झणझणीत वासाबीचीसुद्धां! यांतील पुष्कळ चवी एका हंगामापुरत्या येतात आणि जातात. त्यांत व्यापाऱ्याची चतुराई आहे, तशी निरागस मौजही आहे. परंतु एखादी चमत्कारिक वडी चाखून "या लोकांची रुचिच विचित्र" असा निकाल देणें, म्हणजे दाराशीं उभें राहून घराची परीक्षा करणें होय.

उलट बाजूनें पाहिलें तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. एखाद्या जपानी पाहुण्याच्या हातावर संक्रांतीचा हलवा ठेवला, तर त्याला ती कठीण साखरच लागेल. बोरन्हाणाला बसलेलें बाळ, पहिल्या संक्रांतीची काळी साडी नेसलेली सून, आणि त्यांच्या अंगावरचे शुभ्र हलव्याचे दागिने त्याला त्या दाण्यांत कोठून दिसणार? तें सारें त्याला कोणीतरी सांगावें लागेल, आणि त्यानेंही दुसरा दाणा तोंडांत टाकण्याइतका धीर धरावा लागेल. जपानी मिठाईच्या डब्यापाशीं वाकड्या झालेल्या चेहऱ्याकडून तेवढ्याच धीराची अपेक्षा आहे. पहिल्या तुकड्यानें फार तर कुतूहल भागतें. ओळख व्हायची ती दुसऱ्या तुकड्यानें.