नमुना सहीशी ताडून पाहा
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



मी वक्ता नव्हे, बँकेत कारकून आहे. इंटरनेटवरील माहिती पारखायला मुलांना कसे शिकवावे, यावर दोन शब्द बोला अशी चिटणीसांची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

काउंटरवर चेक आला की आम्ही सहीकडे टक लावून बसत नाही. खोटी सही करणारा सराव करून आलेला असतो. त्याची सही कधी कधी खऱ्यापेक्षा वळणदार असते. आम्ही खातेदाराची नमुना सही काढतो आणि ताडून पाहतो. (पूर्वी कार्डांचा ड्रॉवर उपसावा लागे, आता ती संगणकावर दिसते.) खऱ्याखोट्याचा पुरावा चेकच्या बाहेर असतो.

2018 साली एक चित्रफीत देशभर मोबाईलवर फिरली. मोटारसायकलवरून दोघे येतात, खेळणारे पोर उचलून नेतात. मूळची ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी काढलेली फिल्म. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. शंभर वेळा पाहिली तरी कापलेले दिसणार कसे? मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवांच्या त्याच दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती ती. कराचीची चित्रफीत माझ्याही मोबाईलवर आली होती. मी ती नातेवाइकांना पाठवली होती, हे आज येथे कबूल करतो.

आम्ही शिकलेले, आम्ही फसणार नाही, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे, अशा तिघांना काही वेबसाइट पाहायला दिल्या. अभ्यासकांपैकीही बरेच जण देखण्या मांडणीला भुलले. तपासणारे मात्र लगेच ते पान सोडून बाहेर पडले आणि ही संस्था कोण, इतरांनी तिच्याविषयी काय लिहिले आहे, ते शोधू लागले. तेव्हा मुलांना 'विश्वास ठेवू नका' एवढेच सांगून भागत नाही, बाहेर जाऊन कोठे पाहायचे तेही दाखवावे लागते.

गेल्या 14 एप्रिलला मी बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य पुढे पाठवले. अभ्यासिकेतील नववीच्या मुलीने विचारले, "काका, हे कोणत्या खंडात आहे?" महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले खंड आपल्या कपाटात आहेत. दोन रविवार आम्ही दोघे पाने चाळत बसलो, वाक्य काही सापडले नाही. तिसऱ्या रविवारी मी ज्यांना ते पाठवले होते, त्या सर्वांना तसे कळवले. दोघांचे उत्तर आले. बाकीच्यांनी तोवर ते पुढे पाठवूनही दिले होते.

जय भीम.