तीन डॉलरचा चौकोन



मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. दिवसभर फॉर्म तपासतो. म्हणून आज एका फॉर्मवरच्या छोट्या चौकोनाविषयी बोलतो. तो अमेरिकेच्या आयकर विवरणपत्रावर असतो. त्यात खूण केली की, भरलेल्या करातूनच तीन डॉलर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणूक निधीत जातात. कर एका सेंटनेही वाढत नाही.

वॉटरगेट प्रकरणात बड्या कंपन्यांचा चोरटा पैसा उघडकीस आला आणि १९७४ साली कायदा कडक झाला. सरकारी पैसा घ्या, खर्चाची मर्यादा पाळा, असा सौदा होता. १९७६ मध्ये कार्टर आणि फोर्ड या दोघांना सारखेच, सुमारे २ कोटी १८ लाख डॉलर मिळाले. एक सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष, दुसरा भुईमूग पिकविणारा माजी गव्हर्नर. पण थैल्या सारख्या! मला हे फार मोलाचे वाटते.

मात्र त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बक्ली विरुद्ध व्हॅलिओ खटल्यात सांगितले की, खर्चाची मर्यादा लादता येणार नाही. स्वेच्छेने निधी घेणाऱ्यालाच ती लागू. म्हणजे पळवाट राहिली. २००८ मध्ये मॅककेन यांनी ८ कोटी ४१ लाख डॉलर घेतले व ते मर्यादेत अडकले. ओबामांनी निधी नाकारला आणि संपूर्ण मोहिमेत सुमारे ७४ कोटी ५० लाख डॉलर जमविले. ओबामांविषयी आपणा सर्वांना आदर आहे, मलाही आहे. तरी हा निर्णय मला पटलेला नाही. त्यांना लहान माणसांनी पैसे दिले हे खरे. पण मोठ्यांनीही दिले. २०१२ पासून दोन्ही मोठ्या पक्षांच्या एकाही अंतिम उमेदवाराने हा निधी घेतलेला नाही. एकेकाळी चौथ्या हिश्शाहून अधिक करदाते खूण करीत; पुढे शंभरात पाचही उरले नाहीत.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, "काका, पुढाऱ्यांच्या प्रचारासाठी जनतेचा पैसा का?" बाळा, प्रचाराचे बिल कोणीतरी भरतोच. ज्याने भरले, त्याचा फोन निवडून आलेला माणूस आधी उचलतो.

मग सुधारणा कोणती? प्राथमिक फेरीत निधी घेणाऱ्या उमेदवाराला प्रत्येक देणगीदाराच्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत सरकार डॉलरला डॉलर देते. हे फारच तोकडे आहे. न्यूयॉर्क शहर आपल्या निवडणुकांत रहिवाशाच्या लहान देणगीवर एकास आठ घालते. दहा डॉलर देणाऱ्या मोलकरणीचे उमेदवाराच्या खात्यात नव्वद जमा होतात. राष्ट्राध्यक्षपदासाठी हीच रीत आणावी आणि जुनी खर्चमर्यादा सैल करावी, नाहीतर निधी घ्यायला कोणी पुढे येणार नाही.